वाटाणे तेवढे उरले

सँ-एत्येनच्या क्रे-द-रॉक टेकडीवर विणकरांच्या घरांना खिडक्या उंच, कारण माग उंच. माणसांचं काय, ती कशीही मावतात. अशाच एका घरात, दुसऱ्या मजल्यावर, १९४७ साली मिरेय शाप्लों जन्मली. वडील आंतोनँ फिती विणायचे. टोप्यांच्या, झग्यांच्या, पदकांच्या, कबरीवरच्या फुलांना बांधायच्या. घरातली एकुलती एक मोठी खोली दोन मागांनी भरलेली. उरलेल्या दोन अंधाऱ्या खोल्यांत आई, वडील, मिरेय आणि तिच्याहून पाच वर्षांनी मोठी जिनेत. दिवसभर घर हलायचं. थाळीतलं सूपसुद्धा हलायचं. दुपारी झोपलेली मिरेय मागांचा आवाज थांबला की दचकून उठायची, कारण आवाज थांबला म्हणजे काहीतरी तुटलेलं असायचं.

१९६४ मध्ये तो आवाज कायमचा थांबला. बायकांनी टोप्या घालायचंच सोडलं होतं आणि ज्या व्यापाऱ्यासाठी आंतोनँ विणायचे त्यानं काम देणं बंद केलं. माग कुणी विकत घेईना. शेवटी भंगारवाल्याची दोन माणसं घण घेऊन आली. जिन्यातून अख्खा माग उतरत नव्हता, म्हणून त्यांनी तो जागेवरच फोडला. त्यांना ये-जा करायला अडचण होऊ नये म्हणून आंतोनँ दार धरून उभे राहिले. सतरा वर्षांची मिरेय बघत होती. वडील काही बोलतील, निदान एखादी शिवी हासडतील, असं तिला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "खालची पायरी मोडलीय, जपून."

पुढे ते सायकलींच्या कारखान्यात पहारेकरी झाले. पण घरी जेवायला बसले की त्यांचे हात आपोआप चालू लागायचे. टेबलाच्या कडेशी तुटका धागा चिमटीत धरायचा, दोन बोटांनी गाठ मारायची, उरलेलं टोक नखानं तोडायचं. धागा नसायचाच. आई हळूच म्हणायची, "आंतोनँ, हात." मग ते ओशाळून हात खिशात घालायचे.

मिरेय गावातल्याच चित्रकलेच्या महाविद्यालयात गेली आणि शिक्षण संपल्यावर फिर्मिनीच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवू लागली. जिनेत तोवर लग्न करून वर पठारावर, सँ-जनेला गेली होती. तिचा नवरा मार्सेल नळांची आणि बॉयलरची कामं करायचा. चित्रं काढून कुणाचं पोट भरत नाही, हे जिनेतचं ठाम मत होतं, पण शाळेची नोकरी आहे म्हटल्यावर तिची हरकत नव्हती.

फिल्म मिरेयच्या हाती आली ती एका पाद्रीबाबांमुळे. १९७१ मध्ये चर्चच्या सभागृहाची साफसफाई निघाली आणि त्यांनी जुना सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि कोऱ्या फिल्मची काही रिळं दारात ठेवून दिली, ज्याला हवं त्यानं न्यावं म्हणून. मिरेयनं ती हातगाडीवर घालून घरी आणली. जिथं माग होते त्या रिकाम्या खोलीत, लांब फळीवर तिनं फिल्म उलगडली आणि रंगाऱ्याकडून उरलेल्या रेशमाच्या रंगांनी तिच्यावर थेट चित्रं काढायला सुरुवात केली. कॅमेरा नाही, काही नाही. नखाएवढं एक चित्र, त्याच्या खाली तसंच पण किंचित वेगळं दुसरं, आणि अशी चोवीस झाली की पडद्यावर एक सेकंद. वडील कारखान्यातून आले, त्यांनी ती पट्टी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. रंगांबद्दल ते काही बोलले नाहीत. कडेची भोकं त्यांनी अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "अंतर अगदी सारखं आहे. चांगलं काम आहे हे."

तिची पहिली फिल्म सहा मिनिटांची. नाव 'बाणा', म्हणजे विणीतला आडवा धागा. आडवे रंगीत धागे सरकत येतात, एकमेकांत शिरतात, मध्येच एक तुटतो आणि सगळं कापड उसवत जातं. ती करायला अकरा महिने लागले. तिची प्रत काढायला तिनं ल्योंच्या प्रयोगशाळेत चौकशी केली, तर नमुना म्हणून आलेल्या तुकड्यात तिचा गुलबक्षी रंग विटक्या विटेसारखा झालेला. म्हणून मिरेयनं प्रत काढलीच नाही. मूळ फीतच ती प्रोजेक्टरवर चढवायची. दर वेळी रंगाचे चार कण झडायचे. प्रयोग संपला की ती यंत्राखाली रुमाल झटकायची, त्यात लाल-निळी भुकटी असायची. "किती वेळा दाखवता येईल?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "बघायला येतात त्या मानानं पुष्कळ."

ते खरंही होतं. दहा-बारा माणसं यायची. ल्योंमध्ये एका गृहस्थांनी मध्येच उठून यंत्र बिघडलंय का ते बघायला सांगितलं. १९७४ मध्ये ती फिल्मचा डबा काखोटीला मारून पॅरिसला गेली. तिथं तिच्यासारख्याच फिल्म करणाऱ्यांचा एक गट होता, सगळे एका गोदामात जमायचे, सिगारेटी ओढायचे आणि फिल्मपेक्षा लांब चर्चा करायचे. 'बाणा' संपल्यावर त्यांच्यातला सर्वांत मानाचा माणूस म्हणाला, "छान आहे. खिडकीच्या पडद्याच्या कापडासारखं." सगळे हसले. परतीच्या गाडीत मिरेय त्या वाक्याचाच विचार करत होती. कापडच तर करायचं होतं तिला. मग त्याला तेच दिसलं, तर आपल्याला लागलं का? याचं उत्तर तिला पुढं कितीतरी वर्षं मिळालं नाही. पॅरिसला मात्र ती पुन्हा आपणहून गेली नाही. सरकारी मदतीसाठी तिनं तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा सुबक छापील पत्रातून वाटाण्याच्या अक्षता आल्या. ती शाळेत शिकवत राहिली आणि सुट्ट्यांमध्ये फिती रंगवत राहिली. पंधरा वर्षांत चौदा फिल्म झाल्या.

त्यातली एक तिनं मोजलीच नाही, म्हणजे खरं तर पंधरा. १९७९ मध्ये शाळांच्या भोजन विभागातल्या एका बाईंनी तिला गाठलं. मुलं भाजी टाकून देतात, त्यांच्यासाठी काहीतरी गमतीचं करून द्याल का? ईस्टरच्या सुट्टीत नऊ दिवसांत मिरेयनं ते उरकलं. काळ्या फिल्मवर टाचणीनं गोल गोल टोचे मारले, त्यात हिरवा रंग भरला, झाले वाटाणे. वाटाणे शेंगेतून उड्या मारत बाहेर येतात, एकमेकांच्या डोक्यावर चढतात, एकाला मिशी असते, तो ताटात शिरायला घाबरतो आणि शेवटी सगळे मिळून त्याला ढकलतात. तीन मिनिटं. विभागानं त्याच्या चाळीस प्रती काढून शाळाशाळांत वाटल्या. रंग बिघडला तरी मिरेयनं तक्रार केली नाही. शेवटी नावाऐवजी 'मि. शा.' एवढंच लिहिलं, आणि ते कुणाला सांगितलंही नाही.

कारण तेव्हा तिचा जीव दुसऱ्याच फिल्ममध्ये गुंतलेला होता. आदल्या वर्षी तिनं पहिल्यांदा कॅमेरा उसना आणला होता आणि वडिलांचे हात टिपायला सुरुवात केली होती. आई गेल्यापासून "आंतोनँ, हात" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे जेवण झालं की ते हात मोकळेपणानं चालायचे. मिरेय टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कॅमेरा लावून बसायची. आंतोनँना आधी संकोच वाटला.

"यात बघण्यासारखं काय आहे?"

"धागा दिसतो मला, पापा."

"मला दिसत नाही," ते म्हणाले, आणि गाठ मारली.

१९८१ मध्ये ते गेले. फिल्म अर्धीच झाली होती. उरलेली तीन वर्षं मिरेयनं टिपलेल्या प्रत्येक चित्रावर, त्यांच्या बोटांमध्ये, एका केसाच्या कुंचल्यानं धागा रंगवला. बावीस मिनिटं. तीस हजारांहून जास्त चित्रं, प्रत्येकावर एक धागा. 'आंतोनँचे हात' एकूण सात वेळा दाखवली गेली. सँ-एत्येनला दाखवली तेव्हा जिनेत मार्सेलला घेऊन आली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती रडली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "पापांचे हात मोठे होते. तू बारीक करून टाकलेस."

त्या फिल्मनंतर मिरेयनं फारसं काही केलं नाही. डोळे दुखायला लागले, पुढे उजवा हात थरथरायला लागला, आणि तशी फिल्म बाजारात मिळेनाशी झाली. १९९८ मध्ये मालकानं टेकडीवरचं घर विकलं. तिला मिळालेल्या नव्या घरात पलंग आणि टेबल मावलं, डबे मावेनात. जिनेत म्हणाली, "माझ्याकडे ठेव, मिमी. एवढं घर पडलंय." सँ-जने हजार मीटर उंचावर. तिथं वर्षातले सहा महिने भिंतींना ओल. डबे आधी मागच्या शेडमध्ये ठेवले होते, पण पहिल्याच हिवाळ्यात जिनेतला ते बघवेना. शेडमध्ये हाडं गोठवणारी थंडी, पापांची फिल्म अशी कुडकुडत ठेवायची का? मार्सेल आणि ती, दोघांनी मिळून प्रत्येक डब्याला चिकटपट्टी गुंडाळून तो घट्ट बंद केला, दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्यांत घातला आणि तळघरात बॉयलरच्या शेजारी, उबेला, एक खास फळी ठोकून तिच्यावर रचला. मार्सेल २००६ मध्ये वारला. त्यानंतरही जिनेत दर महिन्याला फळीवरची धूळ पुसायची.

तिथंच तिच्या व्हिनेगरमधल्या काकड्यांच्या बरण्याही असायच्या. काही वर्षांनी तळघरात आंबूस वास यायला लागला. कुठली तरी बरणी गळतेय असं समजून जिनेतनं सगळ्या बरण्या वर स्वयंपाकघरात हलवल्या. वास गेला नाही. तो भिंतीत मुरला असेल असं ठरवून तिनं चुना लावून घेतला.

२०१९ च्या शेवटी मिरेयला पॅरिसहून पत्र आलं. क्लेमांस नावाच्या, चाळिशीतल्या एका बाईंचं. त्या एका मोठ्या संग्रहालयात काम करायच्या. एका जुन्या शाळेच्या थंडगार कोठारात त्यांना 'मि. शा.'च्या वाटाण्यांची प्रत सापडली होती, अगदी कालच काढल्यासारखी. त्यांनी दोन वर्षं शोध घेऊन नावाचा छडा लावला, मग जुन्या कार्यक्रमपत्रिका धुंडाळल्या, आणि त्यांना कळलं की या बाईंच्या आणखी चौदा फिल्म आहेत, ज्यांची कुठंच प्रत नाही. त्या भेटायला आल्या तेव्हा मिरेयनं त्यांच्यासाठी किसलेल्या बटाट्याची थापटी, रापे, तळली. क्लेमांस तव्याजवळ उभ्या राहूनच बोलत होत्या. म्हणाल्या, प्रदर्शनासाठी संग्रहालयाचा संपूर्ण मजला देऊ. सगळ्या चौदा फिल्म, नीट साफ करून, नव्यानं उतरवून. "मादाम शाप्लों, आजवर कुणी आलं कसं नाही तुमच्याकडे?" मिरेय बहात्तर वर्षांची होती. ती म्हणाली, "लिफ्ट नाहीये ना इथं."

पुढल्या वर्षी ऑक्टोबरात, मध्ये आलेली महामारीची टाळेबंदी जरा सैल झाली तेव्हा, क्लेमांस आणि ग्वेनाएल नावाचे फिल्म दुरुस्तीतले पन्नाशीचे जाणकार सँ-जनेला आले. मिरेय सकाळीच बसनं पोचली होती. जिनेतनं मटण-बटाट्याचं बार्बोतों शिजत ठेवलं होतं आणि मार्सेलचा मोठा टॉर्च काढून ठेवला होता. ती स्वतः पुढं होऊन पाहुण्यांना तळघरात घेऊन गेली.

"बघा," ती म्हणाली. "बावीस वर्षांत थेंबभर ओल लागू दिलेली नाही. मिमीच्या हाती असते तर केव्हाच बुरशी लागली असती."

ग्वेनाएल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकले. त्यांनी एकदा श्वास आत घेतला. मग ते फळीपाशी गेले, शेजारच्या पाइपावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून क्लेमांसकडे पाहिलं. त्यांनी एक पिशवी सोडली, चिकटपट्टी काढली, झाकण उघडलं. व्हिनेगरचा असा भपकारा आला की मिरेयच्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणं झाल्यावर जिनेत भांडी घासत होती तेव्हा अंगणात ग्वेनाएलनी मिरेयला समजावून सांगितलं. त्या काळची फिल्म ज्या पदार्थाची बनायची त्याला ऊब सोसत नाही. उबेत तो कुजतो, आणि कुजताना आंबट वाफ सोडतो. डबा उघडा असता तर वाफ निघून गेली असती. बंद डब्यात ती फिल्मलाच खात बसते. फिल्म आकसते, वळते, एकाला एक चिकटून दगडासारखी होते. रंग पापुद्र्यानं सुटतात.

"आणि शेडमध्ये राहिल्या असत्या तर?" मिरेयनं विचारलं.

ते म्हणाले, "मादाम, ते विचारून आता काय उपयोग?"

तिला उत्तर मिळालं. खिडकीतून जिनेतची पाठ दिसत होती, ताटं निथळत ठेवणारी. मिरेयनं दोघांना एकच विनंती केली, हे माझ्या बहिणीला सांगायचं नाही. आणि भिंतीवरच्या मजकुरात लिहायचं नाही, पुस्तकात लिहायचं नाही. क्लेमांस म्हणाल्या, कारण तर द्यावं लागेल. मिरेय म्हणाली, "जुन्या झाल्या असं लिहा. झाल्याच आहेत."

डबे गाडीत चढवताना जिनेतनं प्रत्येकाखाली घडी घातलेलं कांबळं सरकवलं.

त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी फोनवर जिनेत विचारायची, "पापांची कुठवर आली?" आणि मिरेय सांगायची, "चाललंय काम." काम खरंच चाललं होतं. ग्वेनाएल दर दोन महिन्यांनी कळवायचे. 'बाणा' उलगडतानाच भुगा झाली. सात फिल्म उघडल्याच नाहीत. पाचांमधले काही तुकडे निघाले, काहींवर रंग होता, काहींवर फक्त डाग. शेवटी त्यांनी 'आंतोनँचे हात' हाती घेतली. रिळाचे आतले वेढे एकजीव झाले होते. बाहेरच्या वेढ्यांना थोडी हवा लागली असावी. तेवढे त्यांनी आठवडेच्या आठवडे ओलसर वाफ देत, केसाच्या अंतरानं सोडवले. बावन्न सेकंद मिळाले. बाहेरचे वेढे म्हणजे फिल्मची सुरुवात. तिथं हात अजून आलेलेच नव्हते.

मिरेयनं फोन कानाला लावून ते ऐकलं. "आभारी आहे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या माणसानं आपल्या परीनं जीव ओतला होता. मार्सेलनंही फळी ठोकताना ओतला होता.

प्रदर्शन २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडलं. क्लेमांसनी मजला दिला होता, तो भरायला काहीतरी हवं होतं, आणि धडधाकट असं एकच होतं. पहिल्या मोठ्या दालनात तीन भिंतींवर एकाच वेळी वाटाणे नाचत होते. वाटाणे छतावरून उड्या मारत होते. दारातल्या दुकानात मिशीवाल्या वाटाण्याच्या पिशव्या आणि कॉफीचे मग होते. वर्तमानपत्रांनी लिहिलं की एवढा आनंद, एवढा हलका हात गेल्या पन्नास वर्षांत कुणाचा नव्हता. मुलाखत घ्यायला आलेल्या तरुणीनं विचारलं, "हा खोडकरपणा कुठून आला?" मिरेयला खरं सांगायचं होतं, की तो नऊ दिवसांचा कंटाळा होता. पण क्लेमांस शेजारीच उभ्या होत्या, इतक्या खूश, की ती म्हणाली, "मुलांमुळे." ज्या कामासाठी तिनं डोळे घालवले ते कुणी पाहिलं नव्हतं आणि आता कुणी पाहणारही नव्हतं, जे तिनं लपवलं होतं त्याच्याखाली तिचं नाव हातभर उंच अक्षरांत होतं. यात भांडायचं तरी कुणाशी?

जिनेत उद्‌घाटनाला आली. ऐंशी वर्षांची, काठी टेकत, मार्सेलच्या अंत्यविधीलाही घातला नव्हता तो निळा कोट घालून. वाटाण्यांपुढे ती फार थांबली नाही. "पापा कुठं आहेत?" तिनं विचारलं.

ते अगदी मागच्या छोट्या खोलीत होते. एक बाक, एक पडदा. मिरेयनं तिला बसवलं आणि शेजारी बसली. पडद्यावर टेबल दिसलं, मेणकापड, खिडकीतून पडलेला तिरपा उजेड, पावाचा चुरा. डावीकडून एक तपकिरी बाही आत आली. पडदा काळा झाला. पुन्हा टेबल.

"टेबल आपलंच," जिनेत म्हणाली.

बाही आली. काळं. पुन्हा टेबल.

"चल जिनेत, कॉफी घेऊ."

"थांब ना. येतील आता."

आणखी दोनदा झालं. बाहेरच्या दालनात मुलं खिदळत होती. जिनेतनं दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले होते आणि नजर पडद्यावरून हलवली नव्हती.

"येत नाहीत ना ते?" तिनं विचारलं.

"नाही."

"एवढंच राहिलं?"

"एवढंच."

"त्या माणसानं पाइपावर हात ठेवला आणि त्या बाईकडे बघितलं," जिनेत म्हणाली. "मी काही आंधळी नाही, मिमी. मला तेव्हाच कळलं."

"मग इतके दिवस फोनवर विचारत का होतीस?"

"तू सांगशील म्हणून."

मिरेयनं तिचा हात धरला. तुला कुणी सांगितलं नव्हतं, ती म्हणाली, मलाही ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. तू जपलंस.

"ते खरंच आहे," जिनेत म्हणाली. "पण त्यानं काय होतंय?"

पुढं बोलणं झालं नाही, कारण एक शिक्षिका शाळेची वीसेक मुलं घेऊन आत आली. वाटाणेवाल्या आजी इथं आहेत असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मुलांनी कागद पुढे केले. थरथरत्या हातानं मिरेयनं एकेका कागदावर एकेक वाटाणा काढून दिला. वीस झाले तरी रांग संपली नव्हती, बाहेरची मुलंही येऊन उभी राहिली होती. काही मुलं बाकावर टेकून पडद्याकडे बघत होती; एकानं विचारलं, या फिल्ममध्ये कुणीच का नाही, आणि शिक्षिकेनं त्याला गप्प केलं.

सप्टेंबरात प्रदर्शन उतरलं. संग्रहालयानं वाटाण्यांची प्रत कायमची ठेवून घेतली. ते बावन्न सेकंद त्यांनी मिरेयला एका छोट्या यूएसबी कांडीवर घालून पाठवले. ती लावायला तिच्याकडे संगणक नाही, आणि शेजाऱ्याकडे जाऊन लावावी असं तिला वाटलं नाही. शाळांमधून तिला पत्रं येत राहिली. ती उत्तरं देत राहिली.

नोव्हेंबरात सँ-जनेच्या पोस्टमननं फोन केला. तुमच्या बहिणीचं घर बर्फासारखं गार आहे, म्हणाला, आणि त्या कोट घालून बसलेल्या असतात. मिरेय बसनं वर गेली. जिनेत स्वयंपाकघरात खरोखरच निळा कोट आणि हातमोजे घालून बसली होती. तळघरात बॉयलर बंद होता. बिघडलाय का, मिरेयनं विचारलं.

"नाही."

"मग लावत का नाहीस?"

"मला थंडी वाजत नाही."

तिचे ओठ निळसर झाले होते. मिरेय खाली गेली आणि बॉयलर लावला. फळी अजून होती, रिकामी, स्वच्छ पुसलेली. संध्याकाळपर्यंत घर उबलं, दोघींनी सूप घेतलं, जिनेतनं कोट काढला. पुढच्या आठवड्यात मिरेय गेली तर पुन्हा तेच. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी जिनेतला समजावलं, जिनेतनं मान डोलावली. नंतरच्या आठवड्यात पुन्हा तेच. मिरेयनं रागावून बघितलं, एकदा तर रडलीही. जिनेत फक्त म्हणाली, "नको ना गं मला ती ऊब."

जानेवारीत मिरेयनं आपलं शहरातलं घर सोडलं आणि वर राहायला गेली. आता सकाळी ती तळघरात उतरून बॉयलर लावते. अकराच्या सुमाराला, मिरेय पाव आणायला गेली की, जिनेत काठी टेकत हळूहळू खाली जाते आणि तो बंद करते. मिरेय परत येते, पिशवी टेबलावर ठेवते आणि पुन्हा खाली जाते.